मूठ हाये का बेलनं?

जानेवारी १९३९. वर्ध्याहून सेगावकडे निघालेल्या बैलगाडीतून तुम्ही मध्येच उडी मारता, कारण कडुनिंबाखालच्या छपरातून भात्याचा आवाज येतोय. सेगावचं सेवाग्राम व्हायला अजून वर्षभर आहे. तोवर इथलं टपाल नावाच्या घोळात गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन येणारच.

तुमच्या काखेत फडक्यात गुंडाळलेला चाकू आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेला ग्रामोद्योग संघ आहे; तीन-चार आठवड्यांपूर्वीच, ३० डिसेंबरला, तिथं गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. सेगावात गजानन नाईक शिंदीच्या नीरेचा गूळ करतात. उसाला चांगली ओलिताखालची जमीन लागते. शिंदी नाल्याच्या काठावर कुणी न लावता उभी असते. हे ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांचं गणित तुम्हाला पटलं, म्हणून तुम्ही शिकायला आलात. गणित ठीक आहे. काल झाडावर तळव्याला फोड आला, तो गणितात नव्हता.

लोहार फडकं सोडतो, बाजारातली गुळगुळीत गोल मूठ बोटांत फिरवतो.

"ही मूठ हाये का बेलनं?"

पुढच्या क्षणी दोन घावांत तिची शकलं होतात. आता उघडं पातं आणि मुठीत शिरणारी त्याची निमुळती शेपटी. माप घेईल म्हणून तुम्ही हात पुढं करता, तर तो बादलीत हात घालून काळ्या मातीचा गोळा मळतो, शेपटीभोवती थापतो.

"धर. झाडावर धरतं तसं. काहून एवढं आवळतं बाप्पा, पयून नाही जात थे!"

थंडगार माती बोटांमधून वर येते. तो वाकून पाहतो. बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाशी येऊन टेकतायत का? तळव्यात रुतली तर मूठ बारीक. तिथवर पोचलीच नाहीत तर जाड, आणि मग कोपरापर्यंतचा हात भरून येतो. लांबी तो सुतळीनं घेतो: चारही बोटांची रुंदी, वर एक अंगठा. त्याहून आखूड झाली तर मुठीचं टोक तळव्याच्या मधोमध टोचतं. तुमचा फोड नेमका तिथंच आहे, हे तो न विचारता बोटानं दाखवतो.

"आता सालटं काढ."

हा खरा प्रश्न. वाळके काटेरी देठ तोडताना हात घट्ट लागतो. खोडाचा पातळ पापुद्रा काढताना अंगठा पात्याच्या पाठीवर जातो, पकड सैल होते. जाड काप घेतला तर झाड दुखावतं. एकाच मुठीला दोन्ही जमायला हवं. माती पुढच्या बाजूला दबते, मध्ये पोट धरते, मागं करंगळीशी फुगते. तिथं तो थोडी माती आणखी लावतो, चिकट हातातून चाकू निसटू नये म्हणून.

बोटांच्या खाचा सुबक उमटल्यात. लाकडातही तशाच कोरा, असं तुम्ही सुचवता. (हौशी माणसाला खाचांचा मोह आवरत नाही.) तो मान हलवतो.

"हात काय एकाच जागी राह्यते? संध्याकायी बोटं सुजतेत, मंग?"

शेजारचा वाढई वाळलेली बाभूळ निवडतो. ओल्या लाकडाची मूठ आक्रसते नि शेपटी खुळखुळते. वाकसानं तो लंबगोल आकार काढतो, मापापेक्षा जरा जाडच. लोहार शेपटी लाल करून भोकात उतरवतो. धूर, जळक्या लाकडाचा वास. मग लाख ओततो, तोंडाशी लोखंडी शेंबी ठोकतो.

झालं असं वाटतं तुम्हाला. तो तुमच्यासमोर कडुनिंबाचा फाटा टाकतो. "सोल." तुम्ही सोलत बसता. थोड्या वेळानं तो तुमचा तळवा उलटून पाहतो, लाल झालेली जागा मुठीवर कोळशानं खुणावतो, काचेच्या तुकड्यानं तेवढंच खरवडतो. पुन्हा सोल. तीनदा. तिसऱ्यांदा कोळसा लागत नाही. वर जवसाचं तेल, पॉलिश नाही.

पैसे विचारता, तर म्हणतो, झाडावरून उतरल्यावर दे.

दिवेलागणीला तुम्ही शिंदीवर आहात. कमरेला दोर, डोळे काट्यांवर. पात्याकडे पाहायला सवड नाही. धार कुठल्या बाजूला आहे हे लंबगोल मुठीमुळं तळव्याला कळतं. नखाएवढा पापुद्रा निघतो. चुना फासलेलं मडकं तुम्ही नळीखाली बांधता. आत पहिला थेंब पडल्याचा आवाज येतो.