दोन तरवारी : सातारा आणि सांगली

एखाद्या राज्याचें परक्या राष्ट्रांत वजन किती, हें ठरवितांना बहुधा त्याची फौज, खजिना व मुलूख यांची मोजदाद करण्यांत येते. आम्हांस याहून साधी कसोटी पसंत आहे. परक्या राष्ट्राच्या वकिलास कोणाच्या दारीं यावें लागतें, आणि आपल्या राजास परक्या राजाला पत्र लिहितां येतें कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे पुष्कळ कळतें. मराठी राज्याच्या उतरत्या काळाचा इतिहास आमच्याकडे पानिपत, वसई आणि खडकी या तीन नांवांत बसविण्याची चाल पडली आहे. तोच इतिहास सातारा व सांगली या दोन ठिकाणीं उभें राहून पाहिला, तर त्यांतील दोषांची वांटणी कांहीं निराळी करावी लागते, असें आमचें मत आहे.

इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीआप्पानें वसई घेतली. फिरंग्यांचें उत्तरेकडील तें मुख्य ठाणें पडतांच मुंबईकर इंग्रजांची झोंप उडाली. कारण साष्टी आधींच मराठ्यांच्या हातीं गेली होती, आणि मुंबई व मराठे यांच्यामध्यें आतां खाडीचें पाणी तेवढें उरलें होतें. मुंबईच्या कौन्सिलनें दोन वकील पाठविले. कॅप्टन इंचबर्ड चिमाजीआप्पाकडे गेला आणि कॅप्टन गॉर्डन घाट चढून शाहू महाराजांकडे गेला. शाहू महाराज त्या वर्षीं मिरजेच्या मोहिमेंत गुंतले होते. स्वतः मोहिमेवर निघण्याचे प्रसंग या राजाच्या दीर्घ कारकीर्दींत थोडेच, आणि त्यांत मिरज हा ठळक होय. त्याच वर्षीं तें ठाणें मोंगलांकडून मराठ्यांकडे आलें. मुंबईचे इंग्रज त्या वेळीं सलाम करून आपलें काम साधणारे व्यापारी होते. बाजीरावाचा पराक्रम त्यांस दिसत होता, तरी करार टिकाऊ व्हावयाचा तर सातारच्या गादीचा रुकार पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

मात्र गॉर्डनला दिलेल्या सूचनांत नजराण्याखेरीज आणखी एक काम होतें. दरबारांत बाजीरावाचा मत्सर करणारे कोण आहेत याचा त्यानें सुगावा काढावा, आणि पेशवा प्रबळ झाल्यास धन्याचेंच काय होईल हें त्यांच्या कानीं घालावें, अशी ती योजना होती. त्या खेपेस तिचें फारसें कांहीं साधलें नाहीं. पण भिंतीस भेग कोठें आहे हें व्यापाऱ्यानें पाहून ठेविलें, आणि घरधन्यानें ती बुजविली नाहीं.

बुजविली तर नाहींच, उलट रुंद केली. १७४९ च्या डिसेंबरांत शाहू महाराज निपुत्रिक वारले. रामराजास ताराबाईनें आणविलें, आणि पुढच्याच वर्षीं त्यास साताऱ्याच्या किल्ल्यावर तिनेंच कैद केलें. सांगोल्याच्या ठरावानें राज्याचा कारभार पेशव्याच्या हातीं गेला आणि दौलतीचें केंद्र पुण्यास आलें. या प्रकरणीं कोणी पेशव्यांस दोष देतात, कोणी ताराबाईस. आम्हांस त्या वादांत पडण्याचें कारण दिसत नाहीं. परराष्ट्रव्यवहाराच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही, कीं एका राज्यास दोन दारें झालीं. नांव साताऱ्यास राहिलें, सत्ता पुण्यास गेली. आणि ज्यास पुण्याच्या दारीं नकार मिळेल त्यास साताऱ्याचें, कोल्हापुरचें किंवा एखाद्या रुसलेल्या सरदाराचें दार ठोठावण्याची सोय झाली.

नानासाहेब पेशव्यानें तर एक पाऊल पुढें टाकलें. तुळाजी आंग्रे आज्ञेंत राहत नाहीं म्हणून त्यानें इंग्रजांची मदत घेतली, आणि १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्गाच्या बंदरांत आंग्र्यांचें आरमार जाळलें. आरमार मराठ्यांचें, मुद्दई मराठा, आणि जाळणारे इंग्रज! किल्लादेखील इंग्रज लागलीच सोडीनात. पुढें त्याच सालीं बाणकोट घेऊन त्यांनीं तो परत केला. समुद्रावर ज्याची एक गलबतांची रांग नाहीं त्याला समुद्रापलीकडचें राष्ट्र किती किंमत देणार? पानिपताच्या पांच वर्षें आधींची ही गोष्ट आहे, आणि आमच्या मतें ती पानिपताहून कमी महत्त्वाची नाहीं. पानिपताचा घाव माधवरावाच्या दहा वर्षांत पुष्कळसा भरून आला. आरमार पुन्हां तसें उभें राहिलें नाहीं.

दुसरी उणीव माहितीची. नाना फडणिसाचे वकील हिंदुस्थानांतील दरबारांत होते, आणि त्यांचीं पत्रें वाचतांना त्या माणसांच्या चौकसपणाचें आजही कौतुक वाटतें. परंतु इंग्रजांचा मालक लंडनास आहे, तेथें कंपनीचे डायरेक्टर निराळे, राजाचे प्रधान निराळे आणि पार्लमेंट निराळें, त्यांच्यांतही भांडणें आहेत, याचा उपयोग पुण्यानें कधीं केला नाहीं. पेशवाईच्या काळांत लंडनास वकील गेले ते १७८१ च्या सुमारास. आणि ते पाठविले कोणी, तर पुण्याच्या गादीवर इंग्रजांच्या हातानें बसूं पाहणाऱ्या राघोबादादानें! यानंतर मराठ्यांचा गाजलेला वकील लंडनास गेला तो साताऱ्याहून, आणि तोही राज्य गेल्यावर. त्याची हकीकत पुढें येईल.

सातारा आणि पटवर्धन यांची गांठ १७९८ सालीं पडली, व ती फार वाईट रीतीनें पडली. कोंकणांतील कोतवड्याचे हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये. त्यांच्या पुत्रपौत्रांनीं तरवारीवर मिरज, तासगांव, जमखिंडी येथें दौलती उभारल्या. त्यांत परशुरामभाऊ हे त्या काळचे राज्यांतील पहिल्या प्रतीचे सेनापति. धारवाडचा वेढा त्यांनीं चालविला, १७९२ सालीं श्रीरंगपट्टणापुढें ते कॉर्नवॉलिसबरोबर होते, आणि १७९५ सालीं खर्ड्यास सर्व मराठी फौजेचें आधिपत्य त्यांच्याकडे होतें. हा पुरुष पुढें पुण्याच्या कारस्थानांत सांपडून नजरकैदेंत पडला. इकडे साताऱ्यास दुसरे शाहू महाराज व त्यांचे बंधु चतुरसिंग यांनीं किल्ला ताब्यांत घेऊन गादीचा जुना अधिकार मिळविण्याची खटपट केली. तें बंड मोडण्यासाठीं दुसऱ्या बाजीरावास सेनापति पाहिजे झाला, तेव्हां भाऊंची बेडी सुटली. भाऊंनीं साताऱ्यावर चालून जाऊन महाराजांस पुन्हां बंदींत ठेविलें. चतुरसिंग निसटून कोल्हापुरास गेला. कोल्हापुरकर व पटवर्धन यांचें वैर जुनेंच होतें. त्यांत ही भर पडली. १७९९ च्या सप्टेंबरांत पट्टणकोडोलीच्या लढाईंत परशुरामभाऊ कोल्हापुरकरांच्या हातून मारले गेले.

वाचकांनीं येथें साल पाहावें. १७९९ च्या मे महिन्यांत श्रीरंगपट्टण पडलें व टिपू मेला. दक्षिणेंत इंग्रजांस तोंड देण्यास मराठ्यांखेरीज कोणी उरलें नाहीं, आणि त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यांत मराठ्यांचा राजा आपल्याच किल्ल्यावर कैदी होता, मराठ्यांचा सेनापति मराठ्यांशीं लढत वारणा-पंचगंगेच्या मुलुखांत पडला, आणि मराठ्यांचा पेशवा दोघांचाही नाश झाला तर बरें, अशा मनःस्थितींत पुण्यास बसला होता. वसईच्या तहाची सर्व लज्जा दुसऱ्या बाजीरावाच्या एकट्याच्या पदरीं घालणारे लोक हें वर्ष विसरतात.

वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. सहा हजार पायदळाची तैनाती फौज, तिच्या खर्चास सव्वीस लाखांचा मुलूख, इंग्रजांच्या शत्रु-राष्ट्राचा युरोपियन चाकरीस ठेवावयाचा नाहीं, निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेल्या तंट्यांत निवाडा इंग्रजांचा, आणि परदरबारांशीं बोलणें लावण्यापूर्वीं त्यांचा सल्ला घ्यावयाचा. फौज दिसत होती म्हणून लोक फौजेबद्दल हळहळले. आमच्या मतें शेवटची अट अधिक घातक होती. पुढच्या एप्रिलांत जनरल वेलस्ली पुण्यावर आला तेव्हां त्याच्याबरोबर पटवर्धनांचे घोडेस्वार होते. त्यांस बाजीरावाचा भरंवसा नव्हता, आणि तो ठेवण्यास बाजीरावानें जागाही ठेविली नव्हती. १८१२ सालीं पंढरपुरास एल्फिन्स्टनच्या मध्यस्थीनें पेशवा व दक्षिणेचे जहागीरदार यांच्यांत ठराव झाला. धनी आणि चाकर यांच्यामधला जामीन परका झाला! अठराव्या शतकांत पोलंडच्या उमरावांनीं आपल्या राजाविरुद्ध रशियाची हमी घेतली होती, आणि १७९५ सालीं पोलंड नकाशावरून नाहींसा झाला. पंढरपुरच्या कागदावर सह्या करणारांपैकीं कोणास ती हकीकत ठाऊक असण्याचा संभव आम्हांस वाटत नाहीं.

१८१८ च्या फेब्रुवारींत साताऱ्याचा किल्ला इंग्रजांनीं घेतला. दहा दिवसांनीं आष्टीस बापू गोखले पडला आणि प्रतापसिंह महाराज बाजीरावाच्या तावडींतून इंग्रजांच्या छावणींत आले. एल्फिन्स्टननें त्यांस गादीवर बसविलें. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें नीरा-भीमा व वारणा-कृष्णा यांच्यामधील मुलूख त्यांस मिळाला; पण रेसिडेंटाच्या द्वाराखेरीज बाहेरच्या कोणाशींही पत्रव्यवहार करूं नये, ही अट त्यांत होती, आणि ती मोडल्यास राज्य जाईल असेंही लिहिलें होतें. गॉर्डनच्या फेरीस तेव्हां पुरतीं ऐंशी वर्षें झालीं होतीं.

महाराजांनीं त्या चौकटींत राज्य चांगलें केलें, हें त्यांच्या वैऱ्यांसही नाकारतां आलें नाहीं. रस्ते, पाण्याचे नळ, शाळा यांवर त्यांनीं पैसा खर्चिला. ग्रँट डफला मराठ्यांच्या इतिहासासाठीं कागद पाहूं दिले. महाबळेश्वराची जागा इंग्रजांस देऊन मोबदल्यांत खंडाळें घेतलें. १८३५ सालीं डायरेक्टरांनीं लंडनाहून त्यांच्या कारभाराची तारीफ करणारें पत्र व एक रत्नजडित तरवार पाठविली. ती तरवार महाराजांच्या हातीं कधीं पडली नाहीं. मुंबई सरकारनें ती अडवून धरली, कारण तोंवर जहागीरदारांवरील हक्काचा वाद पेटला होता. औंध, फलटण, भोर, अक्कलकोट, जत वगैरे जहागिरी साताऱ्याच्या कीं कंपनीच्या, या प्रश्नांत महाराज तहावर बोट ठेवून बसले. मग आरोप आले. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशीं संधान, नागपुरच्या पदच्युत आप्पासाहेबाशीं संधान, पलटणीच्या शिपायांस फितूर करणें! त्या वेळचें गोवें स्वतःच्या पलटणीचा पगार कसा भागवावा या विवंचनेंत होतें, हें कोणी ध्यानांत घेतलें नाहीं. गव्हर्नर कार्नॅक साताऱ्यास आला, आणि दोष मान्य असल्याचा कागद सही करून दिल्यास गादी राहील असें त्यानें सांगितलें. महाराजांनीं सही केली नाहीं. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं त्यांस पदच्युत करून पुढें काशीस पाठविण्यांत आलें. दुसऱ्या शाहूचा हा मुलगा बालपणापासून बंदींत वाढलेला; राज्य गमावण्याचा प्रसंग आला तेव्हां मात्र पेशवाईंतील कोणाही धन्याहून तो ताठ उभा राहिला.

आतां सांगलीकडे वळूं. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं मिरजेच्या चुलत्याशीं तंटा होऊन कृष्णाकांठीं सांगलीस वेगळें संस्थान थाटलें, गणेशदुर्ग बांधला आणि गणपतीचें देऊळ उभारलें. धोंड्या वाघाच्या मोहिमेंत ते जखमी झाले होते. पुरुष करारी. १८१९ सालीं कंपनीशीं तह होतांना इतर पटवर्धनांनीं स्वारांची चाकरी पत्करली. यांनीं ती नाकारली, आणि तिच्याऐवजीं सालीना १ लक्ष ३५ हजार रुपयांचा मुलूख सोडून दिला. पेशव्याच्या जागीं बसलेल्या परक्याची नोकरी करावयाची नाहीं, हा बाणा आम्हांस आवडतो. पण त्या बाण्याची किंमत कंपनीनें रोख घेतली, आणि चाकरी न करणारा हा स्वाभिमानी संस्थानिक तिला निरुपद्रवी मित्र म्हणून अधिकच सोयीचा झाला. १८४६ सालीं कंपनीनें त्यांच्या सच्छीलाच्या गौरवार्थ त्यांस तरवार नजर केली. ही पोंचली.

ज्या वर्षीं सांगलीस तरवार आली त्या वर्षीं प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनांत होते. त्यांनीं कंपनीच्या मालकसभेपुढें तक्रार मांडली, इंग्रजींत निवेदनें छापून वांटलीं, जॉर्ज टॉम्सन व जोसेफ ह्यूम यांच्यासारखे कैवारी मिळविले. नानांच्या काळीं पुण्यानें जें शिकावयास पाहिजे होतें तें हा कायस्थ गृहस्थ एकटा शिकला. परंतु त्याच्या पाठीशीं आतां ना फौज होती ना मुलूख. बाजू न्यायाची असूनही मतें मोजलीं कीं ती हरत असे. १८४७ च्या ऑक्टोबरांत महाराज काशीस वारले. पुढच्या एप्रिलांत गादीवर बसविलेले त्यांचे बंधु शहाजी साताऱ्यास निवर्तले. त्यांनीं दत्तक घेतला होता, आणि मुंबईचा गव्हर्नर क्लार्क दत्तकाच्या बाजूचा होता; तरी डलहौसीनें १८४८ सालीं राज्य खालसा ठरविलें. सांगली मात्र पुढें बरोबर शंभर वर्षें, १९४८ च्या मार्चांत मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत टिकली.

रंगो बापूजी १८५३ सालीं, चौदा वर्षांनीं, परत आले. १८५७ च्या उठावांत त्यांचें नांव आलें. ८ सप्टेंबर रोजीं साताऱ्यास गेंडामाळावर सतरा जणांस फांशी, तोफ व गोळी यांनीं देहान्त शासन झालें. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी इंग्रजांच्या हातीं लागले नाहींत.