हिरवळ आधीं, विद्यापीठ मागाहून

शहरांतील विद्यापीठ म्हटलें कीं, दगडी भव्य इमारत आणि तिच्यासमोर कातरलेल्या हिरवळीचा चिमुकला बगीचा, असें चित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परभणीस मात्र हा क्रम उलटा आहे. तेथें हिरवें रान आधीं आलें आणि विद्यापीठ त्यानंतर ५४ वर्षांनीं.

इ. स. १९१८ हें निजामी राज्याच्या विद्येतिहासांतील मोठें वर्ष होय. त्या वर्षीं हैदराबादेस उर्दूंतून उच्च शिक्षण देणारें उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. आणि त्याच वर्षीं परभणीच्या काळ्या जमिनींत सरकारनें शेतीचें मुख्य प्रयोगक्षेत्र उघडलें. वांटणी कशी झाली पाहा : राजधानीस विद्या, परभणीस माती! ज्वारी, कापूस व फळझाडें यांवरील प्रयोग मराठवाड्यांत चालत; पण त्यांचें शास्त्र शिकावयाचें, तर कुणब्याच्या मुलास हैदराबाद गांठावें लागे. ही जमीनही मोठी मानी. पावसाळ्यांत पाय रुतवील, आणि वैशाखांत हात जाईल एवढ्या भेगा पाडील. असल्या भुईंत बारमाही हिरवळ राखणें हाच मुळीं एक प्रयोग, असें आम्हांस वाटतें.

१९५६ सालीं परभणीस कृषि महाविद्यालय निघालें, आणि त्याच वर्षीं १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यांत आला. पुढें १९६८ त राहुरीस व १९६९ त अकोल्यास कृषि विद्यापीठें झालीं. परभणीची पाळी १८ मे १९७२ रोजीं आली. तें सालही भीषण दुष्काळाचें! तेव्हां मुख्यमंत्री असलेल्या वसंतराव नाईक यांचें नांव विद्यापीठास २०१३ सालीं मिळालें.

या आवारांत फिरावयास येणारे झाडांची सांवली पाहून संतुष्ट होतात. त्यांनीं भेंडीचीही आठवण ठेवावी. केवडा रोगानें पानांच्या शिरा पिवळ्या पडत आणि भेंडीचें पीक हातचें जाई. येथील संशोधकांनीं रानटी जातीशीं संकर करून, आलेलें रोप पुनःपुन्हा लागवडीच्या भेंडीशीं जुळवून, रोगास दाद न देणारें वाण तयार केलें. त्यास त्यांनीं 'परभणी क्रांति' असें नांव दिलें. बाजारांतून तें किती स्वयंपाकघरांत गेलें. पण भाजी खाणारांपैकीं नांव कितीकांनीं विचारलें असेल?