वाचकांचे शिक्के आणि लेखकाचे देणे

निडी हे नागोठणे आणि रोहा यांच्यामधले लहानसे स्टेशन. तेथे गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्याच्या हाती वाचनालयाचे पुस्तक आहे, आणि त्यावर परतीच्या तारखांचे पन्नास शिक्के आहेत, असे समजू. पुस्तक वाचले पन्नास जणांनी; लेखकाला रॉयल्टी मिळाली एका प्रतीची. उरलेले एकोणपन्नास वाचक लेखकाचे काही देणे लागतात काय?

वाचनालयांची आपली परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे वाचनालय 1828 मधले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मधले. ग्रंथकाराचा विचार झालाच नाही, असेही नव्हे. पेशवाईतल्या दक्षिणेच्या पैशांतून 1851 मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी निघाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. परंतु बक्षीस ही मेहेरबानी. तो हक्क नव्हे. 1957 च्या कायद्याने लेखकाला स्वामित्व दिले, तरी विकलेली प्रत वाचनालयाने कितीदा फिरवावी, यावर त्याचा अधिकार चालत नाही. पुढे 1967 च्या ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अनुदान मिळाले. ते योग्यच झाले. लेखकाचा वाटा मात्र त्यात नाही.

डेन्मार्कने 1946 मध्ये हा प्रश्न प्रथम सोडवला. वाचनालयांत ज्याच्या जितक्या प्रती, त्या मानाने सरकार त्याला पैसे देऊ लागले. भाषा लहान, बाजार लहान; लेखक जगला तरच भाषा जगेल, हा त्यामागचा हिशेब. इंग्लंडात जॉन ब्रॉफी यांनी 1951 मध्ये सुचवले, की पुस्तक नेणाऱ्याने दर वेळी एक पेनी द्यावी. वाचनालय फुकटच असले पाहिजे, या आग्रहापुढे ती सूचना टिकली नाही. कायदा व्हायला 1979 उजाडले, आणि पैसे हाती पडायला 1984. ते वाचकाच्या खिशातून नव्हे, सरकारी तिजोरीतून आले. लोकप्रिय लेखकानेच सारे नेऊ नये म्हणून कमाल मर्यादाही घातली गेली.

आम्हांला यातला धडा मोलाचा वाटतो. खेड्यातल्या वाचकाकडून दर पुस्तकाला पैसे मागितले, तर वाचनालयाची ज्याला सर्वांत अधिक गरज, तोच आधी दाराबाहेर राहील. म्हणून हे देणे वाचकाचे एकट्याचे नसून सर्व समाजाचे आहे, आणि समाजाने ते आपल्या तिजोरीतून फेडावे. निडीच्या फलाटावरच्या वाचकाने निश्चिंतपणे पान उलटावे. शिक्क्यांचा हिशेब आपण ठेवू.