शिलाईच्या गाळ्यातलं गाणं

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवणाऱ्या गाळ्यात शिरलं की मोटारींच्या घरघरीवर चढलेला स्पीकर आधी कानावर आदळतो. भोजपुरी, नव्वदच्या दशकातली हिंदी, मधूनच एखादं कोळीगीत. खिसा लावणारा वेगळा, चेन लावणारा वेगळा, लूपवाला वेगळा, मजुरी पीसवर. ‘गाणं असलं की हात चालतो,’ हे शेठही म्हणतो आणि कारीगरही. या समजुतीचं मूळ थेट जात्यापाशी सापडतं, फक्त तिथे तिचा अर्थ निराळा होता.

जात्यावर दळणारीच गाणारी होती आणि ओवीची लय खुंट्याच्या फेऱ्याला बांधलेली होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, बाबासाहेबही आहेत. शेतातली भलरी याच घराण्यातली. एकाने उचलायची, बाकीच्यांनी धरायची आणि विळे एका चालीत पुढे सरकायचे. गाणं तुटलं की पातही रेंगाळायची. हात गाण्यावर चालत, ते असे.

यंत्र आलं आणि लय मोटारीकडे गेली. माणसाकडे उरला कंटाळा. त्यावर उतारा म्हणून गाणं परत आलं, पण या खेपेला वरून. २३ जून १९४० रोजी, ऐन महायुद्धात, बीबीसीने ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू केलं. कारखान्यांतल्या कर्ण्यांवरून दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास सलग संगीत. नियम कडक होते. संथ चाली नकोत, त्यांनी सुस्ती येते. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ तर बंदच, कारण त्यातल्या टाळ्यांच्या जागी कामगार हातातली अवजारं आपटत. मला यात भलरीच दिसते: माणसाला नुसतं ऐकायचं नव्हतं, सामील व्हायचं होतं.

त्याच युद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं उल्हासनगर झालं आणि घराघरांत छोटे धंदे सुरू झाले. तिथे कर्णा कोण बसवणार? गाणं आलं ते रेडिओ सिलोनवरून, ३ ऑक्टोबर १९५७ पासून विविध भारतीवरून, पुढे कॅसेटमधून. आता ते कारीगराच्याच मोबाइलमध्ये असतं, म्हणजे निवड पुन्हा राबणाऱ्याच्या हातात आली.

एकसुरी कामात संगीताने कंटाळा कमी होतो आणि काम थोडं वाढतं, हे ब्रिटिश संशोधकांनी युद्धाआधीच नोंदवलं होतं. पण पीसवर शिवणाऱ्याला वेगासाठी गाणं कशाला हवं? त्याला मजुरीच पळवते. गाणं त्याला तासन्‌तास मशीनवर बसवून ठेवतं. शेठ म्हणतो हात चालतो. खरं तर बूड टिकतं.

पण प्रत्येक कामात गाणं चालत नाही. अंबरनाथच्या प्रेस शॉपमधल्या गोंगाटात ते ऐकूच येणार नाही, आणि बदलापुरात ज्वलनशील रसायनांच्या प्लांटमध्ये मोबाइल आत नेता येत नाही. गाळ्यातही बंडलं मोजायला घेतली की कुणीतरी ओरडतं, ‘आवाज कमी कर रे!’ गाण्याचे शब्द आणि आकडे एकाच डोक्यात मावत नाहीत, आणि आकडा चुकला तर पैसे कारीगराचेच कापले जातात.