दातांवरचा पांढरा थर

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी लेव्हेनहूक रोज मिठाने दात घासायचा. तरी फटींत पांढरा थर उरायचाच. १६८३ मध्ये त्याने तो स्वतः घडवलेल्या भिंगाखाली पाहिला, तर त्यात असंख्य जीव वळवळत होते! हिरड्यांचे दुखणे या थरामुळेच होते, हे दाखवणारा प्रयोग मात्र १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये झाला. हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांचे दात घासणे थांबवले. तीन आठवड्यांत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू होताच बऱ्या झाल्या. थर तसाच राहिला तर त्याचे कीटण होते. पुढे कित्येकांची हिरडी दातापासून सुटते, हाड झिजते. ते सहसा आपोआप भरून येत नाही. हिरडीतून रक्त आले म्हणून पुष्कळजण ब्रश बाजूला ठेवतात. खरे तर तेव्हाच तो हलक्या हाताने, रोज फिरवायला हवा.