ओळखीच्या कथेपलीकडचे थायलंड

बँकॉकच्या वाट फ्रा केओ या राजमंदिराच्या ओवऱ्यांत रामकथेची १७८ भित्तिचित्रे ओळीने रंगवलेली आहेत. त्यांतली बरीचशी मराठी माणसाला कुणी न सांगताही कळतील. सेतुबंधनाच्या प्रसंगाशी मात्र तो अडखळेल. वानरांनी टाकलेले दगड मासे पळवून नेत आहेत. त्यांची म्होरकी सुवर्णमच्छा ही रावणाची मुलगी. तिला अडवायला पाण्यात उतरलेला हनुमान तिच्याच प्रेमात पडतो आणि पुढे त्यांना माशाच्या शेपटीचा वानरपुत्र होतो. आपल्याकडेही मकरध्वजाची कथा आहे. पण तो जन्मतो हनुमानाच्या घामाच्या थेंबातून, त्यामुळे मारुतीच्या ब्रह्मचर्याला बाध येत नाही. थाई हनुमानावर असे बंधनच नाही. तो शूर आहे, खट्याळ आहे आणि प्रेमिकही आहे.

थायलंडचा अभ्यास सुरू होतो तो अशा अडखळण्यापासून. साम्य दिसले की ‘हे आपल्याकडूनच गेले’ असे म्हणून आपण मोकळे होतो आणि खरा प्रश्न तसाच राहतो: मिळालेल्या कथेचे या समाजाने काय केले, आणि का? १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने तेव्हाची राजधानी अयुथ्या उद्ध्वस्त केली. असंख्य हस्तलिखिते नष्ट झाली. १७८२ मध्ये बँकॉकला राजधानी वसवणाऱ्या चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने दरबारी कवींच्या साहाय्याने १७९७ मध्ये ‘रामकियन’ हे थाई रामकथेचे काव्य सिद्ध केले. मोडलेल्या राज्याची घडी पुन्हा बसवण्याच्या कामात मंदिरे आणि कायदे यांच्याइतकेच या काव्यालाही स्थान होते.

धर्माच्या बाबतीतही असेच सावध राहावे लागते. थायलंड बौद्ध देश, हे खरेच. पण पावसाळ्याच्या तोंडावर बँकॉकच्या सनाम लुआंग मैदानावर होणाऱ्या राजनांगरणीत दरबारी ब्राह्मणांना मान असतो. नांगर ओढून झाला की बैलांपुढे भात, मका, तीळ, गवत, पाणी, मद्य असे सात पदार्थ ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतात यावरून वर्षाचे भाकीत करतात. ‘बौद्ध’ आणि ‘हिंदू’ असे दोन कप्पे करून हा सोहळा समजत नाही.

आणि जिथे भात आहे, तिथे निसर्गाचा इतिहासही आहे. चाओ फ्राया नदीच्या दलदलीच्या गवताळ मैदानांत शोमबुर्क हरीण राहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्यातीसाठी भातशेती पसरली, गवताळ राने संपली, पुराच्या दिवसांत उंचवट्यांवर गोळा झालेले कळप शिकाऱ्यांच्या हाती सापडले. १९३० च्या दशकात ही जात नामशेष झाली. दुसरीकडे, कांचनाबुरीच्या चुनखडी गुहांत जेमतेम दोन ग्रॅम वजनाचे वटवाघूळ १९७० च्या दशकापर्यंत विज्ञानाला अपरिचितच होते. ते शोधणारे किट्टी थोंगलोंग्या १९७४ मध्ये वारले. त्याच वर्षी त्या जातीला त्यांचे नाव मिळाले.

संस्कृती आणि निसर्ग वेगवेगळे अभ्यासता येत नाहीत, हे उत्तरेतल्या भिक्खूंनी अधिकच स्पष्ट केले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तोडीचा धोका असलेल्या झाडांना काषाय वस्त्र गुंडाळून त्यांना ‘दीक्षा’ द्यायला सुरुवात केली. विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेच्या, नियमांनुसार झाड भिक्खू होऊ शकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण वस्त्र ल्यालेल्या झाडावर कुऱ्हाड चालवायला हात धजावत नाही, हेही ठाऊक होते. १९८८ च्या अखेरीस दक्षिणेत, ज्यांचा दोष जंगलतोडीला दिला गेला अशा पूर आणि दरडींनी शेकडो बळी घेतले आणि १९८९ च्या जानेवारीत सरकारने नैसर्गिक जंगलांतल्या व्यापारी वृक्षतोडीवर बंदी घातली.

थायलंडच्या अभ्यासाकडे वळणाऱ्याने थाई भाषा शिकावी, हा पहिला आग्रह. मतभेदांना बिचकू नये, हा दुसरा. सुखोथाईच्या १२९२ च्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या राम खामहेंग शिलालेखाच्या अस्सलपणावरही विद्वानांत कडाक्याचा वाद झाला आहे. मराठी अभ्यासकासाठी कामेही समोर आहेत. पाली येणाऱ्याला थाई लिपीतले पाली ग्रंथ फार दूरचे नाहीत. सयामचा, म्हणजे तेव्हाच्या थायलंडचा, राजा चुलालोंगकोर्न १८७२ मध्ये मुंबईला आला होता. त्या भेटीच्या सयामी नोंदी इथल्या तत्कालीन वृत्तपत्रांशी ताडून पाहता येतील. या कामाला माणसे हवी आहेत. साहित्य, इतिहास, वनशास्त्र, ज्या वाटेने येता येईल त्या वाटेने यावे; आपले स्वागतच आहे.