वसईच्या ख्रिस्ती लग्नात विहिरीचं पाणी का आणतात?

लग्न चर्चमध्ये लागतं, पण त्याआधी वऱ्हाड विहिरीवर जातं. वसई ते मुंबई पट्ट्यातल्या जुन्या मराठी ख्रिस्ती समाजांत लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी' आणण्याची प्रथा आहे. बायका वाजतगाजत, गाणी म्हणत विहिरीवर जातात. तिथून आणलेल्या पाण्याने नवरा किंवा नवरीला आंघोळ घालतात.

प्रथा आली कुठून?

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. मधल्या दोनशे वर्षांत इथली अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली. धर्म बदलला, गाव, वाडी आणि बोली तीच राहिली. हिंदू लग्नांत देवकाच्या पंचपालवीत मान असलेला उंबर ख्रिस्ती मांडवातही टिकला. वसईत सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती, म्हणजेच कुपारी, आजही कादोडी ही एकच बोली बोलतात.

ताटात काय असतं?

आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल फुगे आणि त्यासोबत झणझणीत इंद्याल. डुकराच्या मटणाचा हा प्रकार गोव्याच्या विंदालूचा सख्खा भाऊ. लसूण आणि व्हिनेगर पोर्तुगीज वळणाचं, मसाला मात्र घरचा.

गाणी कोण म्हणतं?

मुख्यतः लाल लुगड्यातल्या आज्या. विहिणीची थट्टा, माहेर सुटण्याचं दुःख, सगळं बोलीभाषेत. ही गाणी कानाने शिकली जातात, त्यामुळे बरीचशी कागदावर आलेलीच नाहीत. लग्नात डीजे आला की आधी गप्प होतात त्या या आज्या.

धोका कशाला आहे?

फक्त गाण्यांना नाही. वसईची केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या विहिरी आणि बावखलांवर, म्हणजे गावतळ्यांवर, जगल्या. इमारतींसाठी बावखलं बुजली, टँकरसाठी विहिरी उपसल्या गेल्या. याविरोधात 'हरित वसई संरक्षण समिती'ने आंदोलन केलं. त्याचं नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

पाणी नळाचंही आणता येतं. पण मग बायकांनी गात जायचं कुठे? म्हणून विहीर वाचवणं हा वसईत पर्यावरणाइतकाच संस्कृतीचाही प्रश्न आहे. आणि तुमच्या घरात अशी गाणी येणारी आजी असेल, तर पुढच्या लग्नाची वाट न बघता तिचं एक गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.